उमेदवारांना शेतकरी-कामगारांनी नेमकं काय विचारायचं?

कोरडवाहू_कट्टा

विधानसभेच्या वेळी सगळ्या उमेदवारांना गावात एकाच मांडवात बोलवायचं आणि प्रत्येकाला तेच पाच-सहा प्रश्न विचारायचे, असा बेत आहे. मतदार मिश्र आहेत: सोयाबीन-तूर घेणारे, थोडे ऊसवाले, एमआयडीसीत ठेकेदाराकडे जाणारी पोरं, बांधकामावरचे मजूर. "सातबारा कोरा करू", "हमीभाव देऊ", "कंत्राटींना कायम करू" ही तीन वाक्यं झाडून सगळ्यांच्या पत्रकात असतात. त्यामुळे पक्ष बघून नाही, तर उत्तर बघून उमेदवार कळावा असे प्रश्न हवेत. बगल देता येणार नाही असं कसं विचारायचं? आणि यातलं आमदाराच्या हातात खरंच किती असतं?

पीककर्ज_खिडकी

"कर्जमाफी करणार का?" हे विचारूच नका. त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर नसतं. निकष विचारा. थकीत कोणत्या तारखेला? मर्यादा मुद्दलावर की व्याजासकट? मर्यादेच्या वर गेलेल्याचं काय? माणूस आत की बाहेर हे तिथे ठरतं, सभेत नाही.

आधीच्या तीन माफ्या शेजारी ठेवून बघा. २००८ ची केंद्राची माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण होती, त्यावरच्याला पंचवीस टक्के सूट, तीही उरलेलं भरल्यावर. अवर्षणप्रवण आणि तशा काही ठरावीक जिल्ह्यांत पंचवीस टक्के किंवा २०,००० यांपैकी जे जास्त ते. म्हणजे विदर्भातला सात एकर कोरडवाहू करणारा "मोठा शेतकरी" ठरला आणि चार एकर बागायतवाला अल्पभूधारक.

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत ३० जून २०१६ ला थकीत असलेलं कर्ज धरलं, मर्यादा दीड लाख. थकबाकी १,९०,००० असेल तर आधी स्वतः ४०,००० भरा, मग सरकार दीड लाख भरणार. ज्याच्याकडे ते चाळीस हजार नव्हते तो तसाच राहिला.

२०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख आणि तारीख ३० सप्टेंबर २०१९. कर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं हवं. पण इथे मर्यादा मुद्दल अधिक व्याज अशी होती. १,८०,००० चं पीककर्ज, त्यावर २५,००० व्याज चढलेलं, एकूण २,०५,०००: या खात्याला मूळ योजनेत शून्य. शेजारच्या १,९५,००० वाल्याचं सगळं माफ. शिवाय ती अल्पमुदत पीककर्जाची (आणि त्याच्याच पुनर्गठनाची) योजना होती. विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांची कर्जं त्यात नव्हती, आणि "सातबारा कोरा" ऐकणाऱ्याला वाटतं की बोजा सगळाच उतरणार.

दुसरा प्रश्न नियमित भरणाऱ्यांचा. २०१९ च्या योजनेतल्या ५०,००० पर्यंतच्या प्रोत्साहनाचा शासन निर्णय निघाला जुलै २०२२ मध्ये, आणि अट होती २०१७-१८ ते २०१९-२० या तीनपैकी दोन वर्षांची परतफेड. तोवर गावोगाव "भरणारा तो मूर्ख" हे पक्कं झालं होतं.

यातला खरा धोका जाहीरनाम्याआधीच सुरू होतो. माफीची चर्चा झाली की लोक भरणं थांबवतात. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की ती सवलत गेली, खातं थकलं की पुढच्या खरिपाला नवं कर्ज नाही, मग खतासाठी सावकार. म्हणून हेही विचारा: "माफी जाहीर होईपर्यंत आम्ही भरायचं की नाही? भरलं तर आम्हाला काय?" इथे उमेदवार अडखळतो, आणि अडखळायलाच हवं.

तूर_सोयाबीन

हमीभावाचं सांगतो. भाव कृषी मूल्य आयोग सुचवतो आणि केंद्राचं मंत्रिमंडळ ठरवतं. त्यात आमदाराचा काडीचा हात नाही. "दीडपट हमीभाव आम्ही दिला" किंवा "देऊ" म्हणणाऱ्याला एकच विचारा: दीडपट कशाच्या? केंद्र धरतं तो ए-टू अधिक एफएल, म्हणजे खिशातून झालेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. सी-टू मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही येतं, म्हणून तो आकडा बराच मोठा निघतो. खर्चाच्या दीडपट भाव सुचवणाऱ्या स्वामिनाथन आयोगाचं नाव घेणारे बहुतेक जण सी-टू च्या दीडपटीची मागणी करत असतात. उमेदवाराला हा फरक माहीत नसेल तर भाषण कोणीतरी लिहून दिलंय.

आमदाराच्या आवाक्यात आहे ती खरेदी. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण तो मिळतो फक्त सरकारी खरेदी केंद्रावर. तिथे आधी नोंदणी लागते, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून केलेली पिकाची) नोंद लागते, आणि दाण्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. काढणीच्या वेळी पाऊस लागला की पंधरा-सोळा टक्के सहज येतो आणि ट्रॉली परत. त्या वर्षी ही अट पंधरा टक्क्यांवर नेली, पण नोव्हेंबरात, मतदानाच्या तोंडावर. तोवर ज्याला दिवाळीसाठी पैसा हवा होता त्याने माल व्यापाऱ्याला घालून टाकला होता. पुढे बारदाना (पोती) संपला म्हणून काटे थांबले, ते वेगळंच.

म्हणून प्रश्न असे करा: तालुक्यात किती केंद्रं, कोणत्या तारखेला सुरू, रोज किती क्विंटलचा काटा, बारदाना कोणाच्या जबाबदारीवर, पैसे किती दिवसांत खात्यात? आणि भावांतर, म्हणजे हमीभाव आणि विक्रीचा भाव यांतला फरक देऊ, म्हणाला तर फरक कोणत्या भावापासून मोजणार, त्या दिवशीच्या पावतीपासून की बाजार समितीच्या सरासरीपासून? सरासरी धरली की कमी भावात विकलेल्याचं नुकसान होतं.

कांदेवाले असतील तर जाता जाता: कांद्याला हमीभाव नाही आणि निर्यात हा पूर्ण केंद्राचा विषय. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी होती, तिचा राग लोकसभेला दिंडोरीत मतांतून निघाला. तो प्रश्न खासदारासाठी ठेवा.

काटा_पावती

ऊसवाल्यांसाठी. उमेदवार कारखान्याचा अध्यक्ष किंवा संचालक असेल तर शपथपत्र जरूर वाचा. नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, पाच वर्षांचं उत्पन्न, सरकारी थकबाकी, सरकारी कंत्राटं असतात. पण तिथेच थांबू नका. त्यात दिसते ती माणसाची थकबाकी, कारखान्याची नाही. एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचाच असा ठरलेला किमान भाव) किती चुकती केली हे साखर आयुक्तालयाच्या अहवालात कारखानानिहाय सापडतं. नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आहे: ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज. "गेल्या तीन हंगामांत चौदा दिवस किती वेळा पाळले आणि उशिराचं व्याज किती दिलं?" व्याजाचा भाग विसरू नका, मुद्दल उशिरा देऊन पाठ थोपटून घेणारे खूप असतात.

पाळीवाला

कामगारांचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

"कंत्राटींना कायम करू" हे सरकारी खात्यांतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांबद्दल असेल तर निदान शक्यतेतलं आहे. खासगी कारखान्यात ठेकेदाराकडच्या पोराला आमदार कायम करू शकत नाही. तो करू शकतो ते म्हणजे कामगार आयुक्तांकडे पाठपुरावा, विधानसभेत प्रश्न, किमान वेतन वेळेवर वाढवायला दबाव. म्हणून विचारा: आमच्या उद्योगाचं मूळ किमान वेतन शेवटचं कधी सुधारलं? पाच वर्षांच्या आत सुधारणं अपेक्षित असतं, पण अनेक उद्योगांत ते रेंगाळतं आणि फक्त सहामाही विशेष भत्ता वाढत राहतो. "वेतन वाढवलं" म्हणून जे सांगतात ते पुष्कळदा हा महागाईशी जोडलेला भत्ताच असतो. तो तसाही मिळणारच होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात दोन गोष्टींवर उमेदवाराची भूमिका विचारा. एक, कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी आता तीनशे कामगारांपासून लागते, आधी शंभर होती. दोन, मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवून पीएफ कापायची युक्ती: भत्ते निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. पगारपत्रकच हातात देत नाहीत तिथे हे तपासणार कोण, हा प्रश्न. पीएफच्या पेन्शनचे किमान १,००० रुपये (२०१४ पासून तेवढेच) वाढवणं मात्र केंद्राकडे.

बांधकाम मजुरांना त्यांच्या कल्याण मंडळाकडून भांडी, पेट्या, शिष्यवृत्ती मिळते ती बांधकामावरच्या एक टक्का उपकरातून. कोणी आपल्या फोटोखाली वाटली तरी ती त्याच्या खिशातली नाही. नोंदणी अडते ती वर्षात नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर. रोज नाक्यावर उभं राहणाऱ्याचे नव्वद दिवस दहा मालकांकडे वाटलेले असतात, सही कोण करणार? ठेकेदार टाळतो, ग्रामसेवक "मी पाहिलं नाही" म्हणतो, मग दलाल पैसे घेऊन करून देतो. दाखल्याची सोय कशी करणार, एवढंच विचारा.

कोरडवाहू_कट्टा

भारी. प्रश्न आधी लेखी पाठवावेत की मांडवातच काढावेत?

पीककर्ज_खिडकी

आधी पाठवा. "माहिती घेऊन सांगतो" ही पळवाट बंद होते. प्रत्येक प्रश्नाखाली तीन रकाने ठेवा: हे कोणाच्या अधिकारात, पैसा कुठून, कोणत्या तारखेपर्यंत. पैशाचं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत घातलंय की जाहीरनाम्यात आश्वासनामागचा तर्क आणि पैशाची तजवीज दिसावी. जाहीरनामा कोर्टातून अंमलात आणता येत नाही, म्हणून उत्तराच्या कागदावर सही घ्या आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

काटा_पावती

तारीख जपून धरा. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर सभा चालत नाही, आणि मांडवाची व भोंग्याची परवानगी आधी लागते. गावात ऊसतोडीला जाणारी कोयती (तोडणी मजुरांच्या जोड्या) असतील तर सभा टोळ्या निघायच्या आत घ्या. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून. फडात गेलेल्याला टपाली मतदान नाही. त्यामुळे एक प्रश्न त्यांच्याकडूनही टाका: मतदानाच्या दिवशी टोळीला गावी आणायची गाडी कोण देणार, असं नाही (ते देणं उमेदवाराला गुन्हा आहे), तर त्या दिवसाची सुट्टी मुकादम आणि कारखाना देणार का, आणि बुडालेला दिवस उचलीत (मजुराने आधी घेतलेल्या पैशात) धरणार का?