'नेटकरी' : घडण, अर्थ आणि लेखन

प्रश्न

बातम्यांमध्ये 'नेटकरी' हा शब्द आता सर्रास दिसतो. तो 'नेटिझन'चा अनुवाद समजायचा का? 'इंटरनेट वापरकर्ता' आणि 'नेटकरी' एकमेकांच्या जागी चालतात का? आणि 'नेटकर्यांनी' की 'नेटकऱ्यांनी'?

प्रतिसाद १

आधी 'नेटिझन' पाहू. हा शब्द रूढ केला मायकेल हाउबेन या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याचं आधीचं रूप 'नेट.सिटिझन' असं होतं, मधल्या टिंबासकट. यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरच्या गटांची नावं 'नेट.' या उपसर्गाने सुरू होत, तीच ही धाटणी. पुढे टिंब गळालं, दोन शब्द एकमेकांत मिसळले. १९९७ साली त्याचं आणि राँडा हाउबेन यांचं याच विषयावरचं पुस्तक छापून आलं.

महत्त्वाचं म्हणजे हाउबेनच्या लेखी इंटरनेटवर येणारा प्रत्येक जण नेटिझन नव्हता. नुसता फायदा उपटायला येणाऱ्याला त्याने त्यातून वगळलं होतं. तिथे भर घालणारा, दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा, ती जागा सगळ्यांची आहे असं मानून वागणारा, तो नेटिझन. म्हणजे मूळ अर्थ वापराचा नाही, नागरिकत्वाचा आहे. आज हा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे, आणि त्याची हळहळ वाटते.

प्रतिसाद २

'नेटकरी' हा शब्दशः अनुवाद नाही. 'नेटिझन'मधला 'इझन' हा काही प्रत्यय नव्हे, 'सिटिझन'चा उरलेला तुकडा आहे. मराठी कानाला त्यातून काहीच कळत नाही. 'करी' मात्र आपला जिवंत प्रत्यय आहे आणि तो एकाच अर्थाचा नाही. शेतकरी, पहारेकरी यांत काम आहे. टाळकरी, विणेकरी, माळकरी यांत हातातली किंवा गळ्यातली वस्तू आहे. वाटेकऱ्याचा वाटा असतो. संपकरी संप मिटला की संपकरी राहत नाही. आणि गावकरी गाव 'करत' नाही, तो गावचा असतो.

माझ्या मते 'नेटकरी'चं नातं या शेवटच्या 'गावकरी'शी आहे, आणि म्हणूनच तो हाउबेनच्या अर्थाच्या जास्त जवळ जातो. 'मायबोली' आणि 'मिसळपाव' (मिपा) या मराठी संकेतस्थळांवरच्या मंडळींनी स्वतःला 'मायबोलीकर', 'मिपाकर' म्हणवून घेतलं, तेही 'पुणेकर'च्या चालीवर. संकेतस्थळ म्हणजे गाव, हे तिथे आधीच गृहीत धरलं होतं.

(लष्करी, नोकरी, चाकरी या यादीत घालू नयेत. तिथे 'लष्कर', 'नोकर', 'चाकर' यांना फक्त 'ई' लागला आहे.)

प्रतिसाद ३

कोरियन भाषेत हेच झालं. तिथे 'नेटिझन' तसाच उचलला गेला होता. २००४ साली राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने त्याला 'नुरिक्कुन' हा पर्याय पुढे केला. 'नुरी' म्हणजे जग, आणि 'क्कुन' हा आपल्या 'करी'सारखा प्रत्यय. शेतकऱ्यासाठीच्या शब्दात तो येतो, तसा ठगासाठीच्या शब्दातही येतो. आपल्याकडेही कष्टकरी आणि मारेकरी एकाच प्रत्ययाचे. चिनी भाषेत 'वांगमिन' म्हणजे जालावरची जनता, तर 'वांगयौ' म्हणजे जालावरचा मित्र. फ्रेंचमध्ये 'अँतरनोत', त्यातलं 'नोत' म्हणजे नाविक.

प्रश्नकर्ता

मग 'जालकरी' का नको? 'आंतरजाल' तर आहे.

प्रतिसाद २

'आंतरजाल' लिहिण्यात आहे, बोलण्यात नाही. 'नेट बंद आहे', 'नेटपॅक संपला' असंच आपण म्हणतो. बोलीत रुळलेल्या शब्दालाच प्रत्यय सहज चिकटतो. 'नेटाने', 'नेट लावणे' यांतला जुना 'नेट' वेगळा, पण संदर्भामुळे घोटाळा होत नाही.

प्रतिसाद ४

आता लेखन. नेटकऱ्यांनी हेच बरोबर. 'री'ने संपणाऱ्या अशा नामांच्या सामान्यरूपात 'ऱ्या' येतो: शेतकऱ्याला, वारकऱ्यांचा. 'र्या' लिहिलं तर उच्चार बदलतो आणि कधी अर्थही. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक. याउलट 'वापरकर्त्यांनी' यात रफारच हवा, कारण शब्द 'कर्ता' आहे.

चूक होते ती बहुधा टंकताना. साधा 'र', मग हलन्त, मग 'य' दाबला की रफार बनतो. त्याऐवजी नुक्त्याचा 'ऱ' (युनिकोड ०९३१) घ्या, मग हलन्त, मग 'य'. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत तो शिफ्ट धरून जे या कळीवर आहे. काही जण 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर) वापरून हेच अक्षर आणतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण आतले संकेतांक वेगळे असतात. त्यामुळे मजकुरात एक रूप शोधलं की दुसरं सापडेलच असं नाही. मोठ्या मजकुराचं संपादन करताना दोन्ही रूपं शोधून एकच ठेवावं.

अनेकवचन 'नेटकरी'च: एक नेटकरी, दहा नेटकरी. 'नेटिझन' वापरायचाच असेल तर 'नेटिझन्सनी' नको. 'डॉक्टरांनी' म्हणतो तसं 'नेटिझनांनी' लिहावं.

प्रतिसाद १

आणि वापराबद्दल. आकडेवारी, सेवेच्या अटी, तांत्रिक सूचना इथे 'वापरकर्ते'च हवं. नेटवर तिकीट काढून बाहेर पडणारा माणूस वापरकर्ता असतो. 'नेटकरी' म्हणावं ते बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, प्रतिक्रिया देणाऱ्यांना.

'नेटकरी भडकले' या मथळ्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. खाली दिलेल्या प्रतिक्रिया चार असतात आणि मथळ्यात सगळं गाव उभं केलेलं असतं. तिथे 'काही नेटकऱ्यांनी' लिहावं आणि कुठल्या माध्यमावर तेही सांगावं.

प्रश्नकर्ता

स्त्री असेल तर? 'नेटकरीण'?

प्रतिसाद ४

'वारकरीण' आहे, त्यामुळे व्याकरणाची आडकाठी नाही, पण ते रूढ नाही. 'एका महिला नेटकऱ्याने' हे कानाला खटकतं. 'शेतकरी महिलेने'च्या धर्तीवर 'एका नेटकरी महिलेने' लिहावं. तिथे 'नेटकरी' विशेषणासारखा बसतो आणि त्याचं सामान्यरूप करावं लागत नाही.