बाभळीपुढे ब्रँड नव्हे, धार महत्त्वाची
चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची इंजिनाची साखळी-करवत, निवडताना वजन पाहावे हा मुद्दा योग्यच आहे: स्टिल कंपनीची एमएस 462 ही 72.2 सीसीची चेनसॉ बार (साखळी फिरते ती पट्टी) आणि साखळीविना सुमारे 6 किलोची, तर हस्कवर्नाची 70.6 सीसीची 572 एक्सपी 6.6 किलोची आहे, आणि दिवसभर फांद्या छाटताना हा फरक खांद्याला जाणवतो. मात्र आमच्या यवतमाळकडे, जिथे वाळलेली बाभूळ आणि धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) सागवान कापायचा असतो, तिथे मी ब्रँडपेक्षा साखळीच्या धारेला अधिक महत्त्व देतो. दाणेदार भुशाऐवजी पीठ पडू लागले की यंत्रावर जोर न देता कानस हाती घ्यावी. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे, कारण साध्या स्टार्टरच्या दोरीसाठी काम थांबले तर मजुरांची रोजी बुडते.