मदत हवी आहे: फायटर माशाची पिल्लं रोज मरतायत, कोणतं औषध टाकू?

गोदाकाठ
लोकहो अर्जंट आहे. माझ्या फायटरच्या जोडीने अंडी दिली, पिल्लं निघाली, पोहायला लागली, सगळं मस्त चाललेलं आणि आता रोज सकाळी टबच्या तळाशी मेलेली पिल्लं दिसतात. मादी अंडी दिल्यावर लगेच काढली, पिल्लं पोहायला लागल्यावर नर पण काढला. पाणी स्वच्छ आहे, खाणं वेळेवर देतोय. सगळे व्हिडिओ बघूनच केलंय त्यामुळे प्लीज "आधी वाचून घ्या" सांगू नका. दुकानदाराने निळं औषध दिलंय ते टाकू का एवढंच सांगा, उरलेली वाचवायचीयेत.

हिरवंशेवाळ
औषध टाकू नका, बाटली बाजूला ठेवा. आधी हे सांगा: पिल्लं पोहायला लागून किती दिवस झाले? टबात पाणी किती लिटर? टेंपरेचर किती? "खाणं देतोय" म्हणजे नक्की काय देताय? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये.

कोल्हापुरी_टँक
दादा अंडं उकडा, पिवळा बलक सुती कापडात बांधून टबात हलवा, ढगासारखं पाणी होतं त्यावर पिल्लं तुटून पडतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं, एक पैशाचा खर्च नाही.

गोदाकाठ
@कोल्हापुरी_टँक तेच देतोय की! बलक आणि पेलेट्सची मिक्सरमधून केलेली बारीक पावडर. @हिरवंशेवाळ आठवडा होत आला पोहायला लागून. टब साधा प्लॅस्टिकचा, अर्धा भरलेला. टेंपरेचर नॉर्मल.

वऱ्हाडी_पाणी
झाकण आहे का टबावर? हा मासा वरची हवा घेतो, लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, थंड कोरडी हवा लागली की पिल्लं पटापट जातात. वरून क्लिंग रॅप ताणून लावा, आत दमट हवा राहिली पाहिजे. माझी खात्री आहे की हेच कारण आहे, माझ्या पहिल्या बॅचला हेच झालेलं.

हिरवंशेवाळ
@वऱ्हाडी_पाणी झाकण लावायलाच हवं पण यांची पिल्लं आठवड्याची आहेत. तो अवयव साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तयार होतो, त्याआधी ती पाण्यातलाच ऑक्सिजन घेतात. आत्ताचे मृत्यू त्याने होत नाहीयेत.

वऱ्हाडी_पाणी
पुस्तकातलं सांगू नका ताई, मी बॅच वाचवलीय क्लिंग रॅपने.

हिरवंशेवाळ
झाकणाने टबातलं पाणीही उबदार राहतं, तुमची बॅच त्यानेच वाचली असेल. म्हणून तर टेंपरेचर विचारतेय. "नॉर्मल" म्हणजे किती? आणि कोणतं गाव?

गोदाकाठ
नाशिक. थर्मामीटर मोठ्या टँकला आहे, टबाला नाही. हीटर पण मोठ्या टँकलाच आहे.

फायटरवाला_ठाणे
नाशिक, तेही थंडीत, आणि टबाला हीटर नाही?? अरे तुमच्याकडे रात्री पारा १० च्या खाली जातो. घरात तेवढं थंड नसतं मान्य, पण उथळ टबातलं पाणी पहाटे गारच पडणार. फायटरच्या पिल्लांना २७-२८ लागतं, आणि मुख्य म्हणजे ते स्थिर लागतं. दिवसा २६ आणि पहाटे १९ असं खालीवर झालं की ती खात नाहीत आणि खाल्लेलं पचवत नाहीत.

उपाय फुकटात आहे. तो टब मोठ्या टँकमध्ये तरंगत सोड, दोरीने किंवा चिमट्याने काठाला अडकव म्हणजे उलटणार नाही. हीटर मोठ्या टँकमध्येच राहू दे, २८ वर लाव, टब बाहेरून आपोआप गरम राहतो. छोट्या टबात थेट हीटर टाकलास तर पिल्लं शिजतील.

समुद्रसपाटी
मी गप्पी पाळते, माझ्या गप्पीला पण पिल्लं झाली आणि मोठे मासे खातायत, कुठली वनस्पती टाकू?

हिरवंशेवाळ
@समुद्रसपाटी जावा मॉस भरपूर. पण वेगळा धागा काढा ना, इथे यांची घाई आहे.

आता @गोदाकाठ, खाण्याबद्दल. थंडीपेक्षाही मला हेच मोठं कारण वाटतंय. फायटरची पिल्लं हलणारं खाणं ओळखतात. स्थिर पडलेली पावडर त्यांच्यासाठी खाणंच नाही. बलक तळाला बसून सडतो, अमोनिया होतो, आणि पाणी डोळ्याला स्वच्छ दिसलं तरी अमोनिया दिसत नसतो. म्हणजे एकाच वेळी पिल्लं उपाशी आणि पाणी विषारी.

कोल्हापुरी_टँक
विषारी वगैरे काही नाही हो, आम्ही बलकावर शेकड्याने पिल्लं वाढवलीत.

फायटरवाला_ठाणे
कुठल्या माशाची काका? आणि टाकीत की टबात?

कोल्हापुरी_टँक
गोल्डफिशची. सिमेंटच्या टाकीत. पण मासा तो मासाच.

फायटरवाला_ठाणे
नाही काका, सिमेंटच्या जुन्या टाकीत शेवाळ असतं, पाण्यात आधीच बारीक जीव असतात, पाणीही शेकडो लिटर, तिथे बलक थोडा सडला तरी पचून जातो. दहा लिटरच्या टबात नाही पचत. शिवाय गोल्डफिशची पिल्लं मेलेलं खाणं सहज उचलतात.

गोदाकाठ
पण खातात की! पावडर टाकली की इकडेतिकडे पळतात.

हिरवंशेवाळ
पळतात म्हणजे खातात असं नाही. आज रात्री एक करा. खोलीतला दिवा बंद, मोबाइलचा टॉर्च टबाच्या बाजूने लावा आणि वरून न बघता कडेने, डोळा पाण्याच्या पातळीला आणून बघा. पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं, पोट स्पष्ट दिसतं. खाल्लेलं असेल तर पोट गोल, आतला घास दिसेल. उपाशी असेल तर पोटाची जागा आत गेलेली आणि डोकं शरीरापेक्षा मोठं दिसतं. बघून लिहा.

तळ्याकाठचा
हे सगळं ठीक आहे, पण जगलेल्या पिल्लांचं पुढे काय करणार याचा विचार केलाय का? दोन-अडीच महिन्यांत नर एकमेकांचे पंख फाडायला लागतात, प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. पन्नास नर जगले तर पन्नास बरण्या, पन्नासांचं पाणी बदलायचं. दुकानात देताही येतात पण आधी बोलून ठेवा, सगळे घेत नाहीत. मला हा प्रश्न प्रत्येक ब्रीडिंगच्या धाग्यावर विचारावासा वाटतो, कारण नंतर लोक मासे ओढ्यात सोडतात आणि ते फार चुकीचं आहे.

वऱ्हाडी_पाणी
@तळ्याकाठचा थायलंडात लाखांनी वाढवतात, २०१९ मध्ये तर त्यांनी फायटरला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. तिकडे उष्ण हवा, बाहेर कुंड्या आणि सिमेंटच्या टाक्या, खायला जिवंत मोइना, म्हणजे पाण्यातले बारीक जीव. ना हीटर ना काही.

फायटरवाला_ठाणे
हेच तर! मोइना आणि ऊब. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात.

गोदाकाठ
टॉर्चने बघितलं. बहुतेकांची पोटं आत गेलेली, तुम्ही म्हणता तसंच डोकं मोठं दिसतंय. काहींची जरा बरी आहेत, ती टबात एक मॉसचा झुपका आहे त्याच्या आसपासच असतात. टब मोठ्या टँकमध्ये बसवलाय. आता खायला काय देऊ ते एकदाचं सांगा, आत्ता रात्री दुकान उघडं नाही.

हिरवंशेवाळ
मॉसमध्ये बारीक जीव असतात, तेच खाऊन ती टिकलीयेत. म्हणजे आत्ता करायचं ते हेच. मोठ्या टँकमध्ये मॉस किंवा जुनी झाडं असतील तर एका वाटीत टँकचं पाणी घेऊन त्यात मूठभर मॉस हलकेच पिळा, ते मळकट पाणी थोडं थोडं टबात सोडा. स्पंज फिल्टर असेल तर तोही वाटीत पिळून वरवरचं पाणी घ्या, खालचा गाळ नको. बलक आणि पावडर एकदम बंद.

उद्या आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, अंडी आणा. लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, आयोडीनचं नको, चिमूटभर खायचा सोडा, एअर पंपची नळी तळापर्यंत आणि बुडबुडे जोरात. २६-२८ डिग्रीला साधारण एक ते दीड दिवसात फुटतात. मग हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च लावा, केशरी ठिपके उजेडाकडे खाली जमतात आणि रिकामी कवचं वर तरंगतात. खालचेच नळीने ओढून घ्या, बारीक कापडात गाळून मीठ धुवा. कवचं टबात जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात.

फायटरवाला_ठाणे
मी मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक जिवंत कृमी, पण सांगेन, ओट्सवर घरी वाढतात, आर्टेमिया फुटायची वाट बघावी लागत नाही.

हिरवंशेवाळ
पण फक्त त्यावर नको, आर्टेमियासोबत. आणि वर्म तळाला बसतात, न खाल्लेले मरून कुजतात.

फायटरवाला_ठाणे
मान्य.

गोदाकाठ
आणि पाणी? आजच पूर्ण बदलतो म्हणजे अमोनिया जाईल.

फायटरवाला_ठाणे
नको! पूर्ण बदललंस तर धक्क्याने आणखी जातील. एअर पंपची बारीक नळी घे, टोकाला स्पंजचा तुकडा घट्ट बसव म्हणजे पिल्लं ओढली जाणार नाहीत, तळाची घाण हळूहळू ओढून पाव टब पाणी काढ. नवं पाणी नळाचं असेल तर अँटीक्लोरीन घालून मोठ्या टँकइतकं कोमट कर, मग त्याच नळीला सैल गाठ मारून थेंब थेंब सोड. घाई करायची नाही, तासभर लागला तरी चालेल. उद्या परत तेवढंच.

कोल्हापुरी_टँक
बदामाचं पान टाका म्हणजे पाणी आपोआप शुद्ध होतं.

हिरवंशेवाळ
काका वाळलेलं देशी बदामाचं पान चांगलं, पाणी किंचित आम्लीय होतं आणि पानावर सूक्ष्मजीवही वाढतात. पण अमोनिया काढत नाही. पाणी बदलायला पर्याय नाही.

गोदाकाठ
अपडेट. आर्टेमिया मिळाला, दुकानातून अंडी आणली. काल संध्याकाळी पहिल्यांदा दिला. आत्ता टॉर्चने बघितलं, पंचवीसेक पिल्लांची पोटं चक्क नारिंगी दिसतायत, गोल गरगरीत. काही अजून बारीकच आहेत, ती वाचतील की नाही माहीत नाही. आज सकाळी तळाशी दोन मेलेली होती. किती वेळा द्यायचा आणि एका वेळी किती?

हिरवंशेवाळ
वा, मस्त! दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, म्हणून तासाभरात संपेल एवढाच. बारीक पिल्लांना मॉसचं पिळलेलं पाणी चालू ठेवा, त्यांच्या तोंडात आर्टेमिया मावत नसेल.

वऱ्हाडी_पाणी
आणि क्लिंग रॅप लावला का? तिसरा आठवडा येईल बघता बघता.

गोदाकाठ
लावला. भोकं पाडून. एक विचारायचं राहिलं, आर्टेमियाची उरलेली अंडी कुठे ठेवू? डबा उघडाच पडलाय स्वयंपाकघरात.

फायटरवाला_ठाणे
आधी झाकण लाव! हवाबंद डब्यात, कोरडी, फ्रीजमध्ये. ओलावा लागला की फुटायचं प्रमाण घटत जातं. आणि घरच्यांना सांगून ठेव, नाहीतर कुणीतरी मसाला म्हणून वापरेल.