बक्षीसपत्र परत घेता येतं, मग ते बक्षीस कसलं?

तिरकस_तात्या: उर्मिला दीक्षित केसचा निकाल परत वाचला. मध्य प्रदेशातल्या आईने 2019 मध्ये घर मुलाच्या नावे बक्षीस दिलं, मुलगा बघेना, मग बाई आधी प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जिंकली, कलेक्टरकडे जिंकली, हायकोर्टात एका न्यायमूर्तींपुढे जिंकली, दोघांच्या बेंचपुढे हरली आणि 2 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने बक्षीसपत्र रद्द करून ताबा परत द्यायला लावला. आईसाठी बरं झालं. पण रजिस्टर केलेला कागद जर असा पुसला जाणार असेल तर रजिस्टर करायचा कशाला? उद्या एका भावाला दिलेलं घर बाकीचे तिघे म्हातारीला पुढे करून काढून घेतील.

पांढरे_केस: घेतील तर घेऊ देत, आधी त्या भावाने सांभाळलं का ते सांगा! 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 याचसाठी आहे. सांभाळायच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवून किंवा दबावाने झाला असं धरून रद्द करता येतो.

तिरकस_तात्या: "अटीवर" हाच तर शब्द आहे ना. 2022 च्या सुदेश छिकारा निकालात आईने मुलींच्या नावे हक्क सोडला होता, पण अट होती हे दाखवता आलं नाही म्हणून हरली. म्हणजे कायदा तोच, आई तशीच, निकाल उलटा.

कागदीघोडा: उलटा नाही हो. दीक्षित केसमध्ये बक्षीसपत्राच्याच दिवशीचं वेगळं वचनपत्र होतं, आईबापाला सांभाळीन म्हणून (मुलगा म्हणत होता ते बनावट आहे). कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचले, एवढंच. मला खटकतं ते वेगळंच, मालकीचा एवढा मोठा प्रश्न प्रांतासमोर थोडक्यात उरकायचा, आणि कलम 17 म्हणतं तिथे वकील नको.

उंबरठा: आणि सून कुठेय या सगळ्यात? 2020 च्या एस. वनिता निकालात सासूसासऱ्यांनी हाच कायदा वापरून सुनेला घराबाहेर काढायला घेतलं होतं. कोर्टाने सांगितलं की कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला तिचा राहण्याचा हक्क असा परस्पर उडवता येणार नाही. त्यामुळे म्हातारं माणूस म्हणजे नेहमी बिचारं, हे मला पटत नाही.

पांढरे_केस: बिचारं कोण म्हणतंय? माझ्या मावशीने फ्लॅट मुलाच्या नावे केला. अट लिहून घे म्हटलं तर म्हणाली पोरावर अविश्वास दाखवू? आता त्याच फ्लॅटमध्ये गॅलरीत झोपते. बक्षीस द्यायला आईबाप ऑफिसात जातात तेव्हा सोबत पोरगाच असतो, तो कशाला अट लिहायला सांगेल.

तिरकस_तात्या: मग देऊच नका ना जिवंतपणी! मृत्युपत्र करा, वाटेल तेव्हा बदला. द्यायची घाई आपली आणि नंतर कोर्टाने सोडवायचं.

पांढरे_केस: मावशीला हे आता सांगून उपयोग काय? अट नाही, वचनपत्र नाही.

कागदीघोडा: फ्लॅट परत मिळणं अवघड दिसतंय. पण पोटगीचा अर्ज वेगळा आहे, त्याला बक्षीसपत्रातली अट लागत नाही. उत्पन्न पुरत नसेल तर मुलाकडून मागता येते, मूळ कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त 10,000. स्वतः जाणं शक्यच नसेल तर तिने अधिकार दिलेली एखादी संस्थाही तिच्या वतीने अर्ज करू शकते.

पांढरे_केस: जायचंच नाहीये तिला. मुलाचं नाव कागदावर येईल म्हणते.