घोणस चावल्यावर घेतलेल्या लशीच्या अँटीबॉडी अंगात किती दिवस राहतात?

वारणाकाठ, शिराळा
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांना रात्री उसाला पाणी पाजताना घोणस चावली. मांत्रिकाच्या नादाला न लागता थेट सरकारी दवाखान्यात नेलं, सापावरची लस चढवली, आण्णा वाचले. आता आठ-दहा दिवसांनी अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्यात, खाज आहे, कणकण आहे, गुडघे-मनगटं धरलीत. शेजारचे तात्या म्हणतात इख अंगात राहिलंय, आणि भावकीतले एक जण म्हणतात की एकदा घोणस पचवली की अँटीबॉडी तयार होतात, परत चावली तरी बाधत नाही. हे ऐकून आण्णा परत अनवाणी रानात निघालेत म्हणून विचारतोय, खरं काय?

लॅबवाली ताई, सांगली
दादा, पहिलं काम म्हणजे आण्णांना आजच जिथं लस दिली तिथं दाखवा आणि लस कधी दिली ते सांगा. तुम्ही लिहिलंय त्यावरून सीरम सिकनेस, म्हणजे लशीतल्या परक्या प्रोटीनचा त्रास वाटतोय, तो साधारण 5 ते 14 दिवसांत येतो, औषधानं बरा होतो, पण घोणशीचं विष किडनीवर पण जातं म्हणून लघवी कमी होत असेल किंवा तोंड सुजलं असेल तर अजिबात थांबू नका.

आता कारण सांगते. ज्याला शरीर परकं म्हणून ओळखतं ते अँटीजेन, आणि त्याला बरोबर जाऊन चिकटते ती अँटीबॉडी. विष हे अँटीजेन. सापाच्या लशीत त्याच्यावरच्या तयार अँटीबॉडी असतात, पण त्या घोड्याच्या रक्तातल्या! पेप्सिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम वापरून त्यांचं मागचं टोक तोडलेलं असतं, रिअॅक्शन कमी यावी म्हणून, तरी प्रोटीन घोड्याचंच. म्हणजे आण्णांना वाचवणारी अँटीबॉडीच त्यांच्या शरीरासाठी नवीन अँटीजेन झाली. शरीरानं तिच्यावर स्वतःची अँटीबॉडी बनवली, पहिल्या वेळी त्याला आठवडा-दहा दिवस लागतातच, आणि दोन्ही चिकटून जे गुंते होतात ते सांध्यात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दुखणं त्याचं आहे, तात्या म्हणतात तसं उरलेल्या विषाचं नाही.

बांधावरचा, तासगाव
ताई म्हणजे लस घोड्यापासून करतात? मग घोडा कसा काय मरत नाही?

निवृत्त मास्तर, कराड
घोड्याला सुरुवातीला अगदी किंचित विष टोचतात, मग हळूहळू वाढवत नेतात. त्याच्या बी पेशी त्या विषावर अँटीबॉडी बनवायला शिकतात, मग त्याचं रक्त काढून त्यातून अँटीबॉडी वेगळ्या करतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकत्र चालते, मुंबईच्या हाफकिनमध्ये पण बनते. ही कल्पना जुनी आहे, 1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पावर दाखवून दिलं की एका जनावराच्या रक्तातलं संरक्षण दुसऱ्याला देता येतं, आणि वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल 1901 साली बेरिंगना मिळालं ते याच कामाला.

वारणाकाठ, शिराळा
ताई, मास्तर, लई आभार. पण त्या अँटीबॉडी आण्णांच्या अंगात राहतील का? परत चावली तर?

लॅबवाली ताई, सांगली
नाही राहत. त्या उसन्या आहेत, काही आठवड्यांत संपतात, आणि आण्णांच्या पेशींनी त्या बनवल्याच नाहीत तर परत कुठून बनवणार. त्यांना त्या रात्री धनुर्वाताचं इंजेक्शन पण दिलं असेल, त्याचं उलटं असतं, त्यात निकामी केलेलं टॉक्सिन असतं, ते बघून शरीर स्वतः अँटीबॉडी बनवतं आणि मेमरी पेशी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

तुम्ही म्हणाल थोडं विष तर अंगात गेलंच होतं, मग त्याची आठवण राहील की. थोडीफार राहू शकते, पण मेमरी पेशी जाग्या होऊन अँटीबॉडी वाढवायला काही दिवस घेतात आणि घोणस तेवढा वेळ देत नाही. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, कोरड्या काचेच्या नळीत पेशंटचं दोन मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. चांगलं रक्त गोठून जागच्या जागी राहतं. घोणस चावलेल्याचं विषामुळं गोठतच नाही, कधीकधी पाण्यासारखं वाहून जातं, चावून दोन-तीन तास पण झालेले नसतात. भावकीतल्यांना एवढं नक्की सांगा.

ऊसवाला, इस्लामपूर
मग परत लस घ्यायची वेळ आली तर रिअॅक्शनची भीती नाही का? आमच्याकडं एकानं त्याच भीतीनं नको म्हटलं होतं.

लॅबवाली ताई, सांगली
रिअॅक्शन येऊ शकते, पहिल्या वेळी पण येते, म्हणून अॅड्रेनालिन, म्हणजे रिअॅक्शन आवरणारं इंजेक्शन, भरून हाताशी ठेवतात आणि लस दवाखान्यातच देतात. आधी लस घेतलीय आणि नंतर हा त्रास झाला एवढं डॉक्टरांना सांगायचं, पण विष चढत असेल तर लस नाकारायची नाही, विषावर दुसरं औषध नाही. डिस्चार्जचा कागद जपून ठेवा दादा. आणि आण्णांना गमबूट घ्या, हातात बॅटरी द्या, घोणस बहुतेक वेळा पायालाच चावते.

वारणाकाठ, शिराळा
गाडी काढली, निघालोय आण्णांना घेऊन. कागद बरोबर आहे. लघवी नीट होतेय म्हणतात, तरी तपासायला सांगतो. येताना गमबूट घेतोच.