मदत हवी आहे: वजन कमी करण्याच्या 'वनस्पतिजन्य' गोळ्या आणि बहिणीच्या छातीतील धडधड

नमस्कार.

माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. उंची १५८ सेंटिमीटर. थायरॉइडचे संप्रेरक कमी असल्याने ती गेली सहा वर्षे रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिन घेते. दोन महिन्यांपूर्वी तिचे वजन ८६ किलो असताना डॉक्टरांनी तिला ऑर्लिस्टॅट १२० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा जेवणाबरोबर, असे लिहून दिले. त्याने दीड किलो वजन उतरले. परंतु तेलकट शौच, अचानक लागणारी घाई आणि त्यापायी घराबाहेर पडण्याची वाटू लागलेली धास्ती यांमुळे ती खचून गेली. अशा वेळी एका मैत्रिणीने तिला दुसऱ्या गोळ्या आणून दिल्या. डबीवर 'संपूर्ण वनस्पतिजन्य' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, खाली चार वनस्पतींची नावे आहेत, प्रमाण मात्र एकीचेही नाही, आणि उत्पादकाचा पत्ताही नाही.

या गोळ्या सुरू करून आज १८ दिवस झाले. भूक जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि वजन आणखी चार किलोंनी उतरले आहे, म्हणून ती समाधानी आहे. मला मात्र काळजी वाटते. तिचे तोंड सतत कोरडे पडते, रात्री दोन-अडीच वाजेपर्यंत झोप लागत नाही, आणि परवा जिना चढून आल्यावर तिने माझा हात धरून छातीवर ठेवला, तेव्हा जाणवलेली धडधड ती खाली बसल्यानंतरही बराच वेळ थांबली नाही. डॉक्टर रागावतील या भीतीने तिने त्यांना काहीही सांगितलेले नाही.

वनस्पतिजन्य गोळीने इतक्या थोड्या दिवसांत भूक अशी मरते का? गोळी एकदम बंद केली तर चालेल का? शिवाय थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅटची पहिली गोळी यांत ती जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर ठेवते, ते योग्य आहे का? कृपया तिला दोष देणारी उत्तरे देऊ नयेत; वजनावरून तिने लहानपणापासून पुष्कळ ऐकून घेतले आहे.

प्रतिसाद

मी फार्मासिस्ट आहे. ताई, सर्वांत आधी तातडीचे सांगते. डबीतील गोळी आजपासून बंद करावी आणि डबी फेकून न देता तीच बरोबर घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, नाडी आणि ईसीजी पाहून घ्यावा. छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ येऊन पडणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले, तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

भूक मरणे, तोंड कोरडे पडणे, झोप उडणे आणि धडधड ही सारी सिब्यूट्रामिन या रासायनिक औषधाची ओळखीची लक्षणे आहेत. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १०,००० व्यक्तींवरील चाचणीत, हे औषध घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तशाच गंभीर घटनेला सामोरे जावे लागले, तर औषधाविना तेच प्रमाण १० टक्के होते. त्यानंतर २०१० साली युरोप आणि अमेरिकेच्या बाजारांतून ते मागे घेण्यात आले. तरीही 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते आजवर वारंवार सापडत आले आहे, आणि डबीवर त्याचे नाव अर्थातच नसते. काही गोळ्यांत जुलाबाची औषधे, तर काहींत चक्क थायरॉइडचे संप्रेरकही आढळले आहे. आपल्या बहिणीच्या बाबतीत ही शेवटची शक्यता विशेष गंभीर आहे, म्हणून टीएसएचची तपासणीही करावी. ती नैराश्यावरील औषधे घेत असेल, तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगावे, कारण सिब्यूट्रामिनबरोबर त्यांचा संयोग घातक ठरू शकतो.

गोळीत खरोखरच केवळ वनस्पती असत्या, तरी मी निश्चिंत झाले नसते. एफेड्रा ही वनस्पतीच आहे, आणि ती असलेल्या पूरक आहारावर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली.

गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार मनात आणू नये, कारण किती मात्रेवरून खाली यायचे हेच डबी सांगत नाही. भूक परत येईल, काही दिवस मरगळही वाटू शकेल. तिला त्याची आधीच कल्पना द्यावी.

ऑर्लिस्टॅट आणि लेव्होथायरॉक्सिन यांत किमान चार तासांचे अंतर हवे, अन्यथा थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. ऑर्लिस्टॅट आहारातील सुमारे ३० टक्के स्निग्धांश पचू देत नाही आणि तोच तेलकट शौचातून बाहेर पडतो, म्हणून एकाच जेवणात स्निग्ध पदार्थ जास्त झाले की त्रास वाढतो. जेवण चुकले किंवा त्यात स्निग्धांश नसला, तर ती गोळी घेऊ नये. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही कमी शोषली जातात. ती भरून काढणारी मल्टिव्हिटॅमिनची गोळी रात्री झोपताना घ्यावी. बारा आठवड्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत साधारण ४.३ किलो, घट झाली नाही, तर हे औषध पुढे चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

धागालेखिकेकडून

मनःपूर्वक आभार. आज सकाळी आम्ही दोघी जाऊन आलो. रक्तदाब १५०/९६ आणि नाडी ११२ भरली, ईसीजीत चिंताजनक काही आढळले नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डबी ठेवून घेतली, रक्त तपासायला पाठवले आणि तीन दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. परत येताना बहिणीने सांगितले की, डबी देणारी मैत्रीणही गेले चार महिने याच गोळ्या घेत आहे आणि तिला आधीपासूनच उच्च रक्तदाब आहे. हे लिहीत असताना बहीण शेजारच्या खोलीतून तिच्याशीच फोनवर बोलत आहे.