बेसबॉलमधले कधीच न तुटणारे रेकॉर्ड कुठले? आणि लोक अजून ज्यावर बोलतात असे क्षण?

एडिसनकर
मंडळी, न्यू जर्सीत राहून क्रिकेटची भूक काही भागत नाही म्हणून ऑफिसातल्या लोकांच्या नादाने बेसबॉल बघायला लागलो. नियम कळतात आता, इनफिल्ड फ्लायचा सोडून (तो कोणाला कळतो का खरंच?). पण लंचला ही माणसं नुसत्या आकड्यांत बोलतात हो. एकजण म्हणतो 56, सगळे माना डोलावतात. 406 म्हटलं की परत तेच. आणि 73 म्हटलं की दोघं भांडायलाच उठतात. आपल्याकडे ब्रॅडमनचं 99.94 म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही तसलाच प्रकार असणार, पण मला त्यातली मजा कळत नाही आणि दरवेळी फोन काढून बघायची लाज वाटते. तर यातलं खरंच भारी काय आणि का, ते जुन्या बघणाऱ्यांनी सांगा. यादी नको, यादी गूगलवर आहे.

रात्रीची_मॅच
56 म्हणजे जो डिमॅजिओ, यँकीज, साल 1941. 15 मे ते 16 जुलै सलग 56 मॅचमध्ये प्रत्येक मॅचला किमान एक हिट (बॉल मारून बेस गाठणं). आपल्या क्रिकेटच्या डोक्याला वाटतं एक सिंगल काढायला काय लागतं, पण इथे चांगल्यातला चांगला बॅटर दहातून तीनदा हिट मारतो, मॅचला त्याला चार-पाचदाच बॅटिंग मिळते आणि त्यात पिचरने (म्हणजे बॉलरने) वॉक (चार वाईट बॉल टाकून फुकटचा बेस) देऊन टाकला की ती संधी पण गेली. एक दिवस नशीब रुसलं की सगळं परत शून्यापासून. त्यानंतर त्याच्या जवळात जवळ आला तो पीट रोज, 1978 मध्ये, आणि तो 44 वर थांबला. म्हणजे अजून बारा मॅच लांब.

ते संपलं कसं ते बघा. 17 जुलै, क्लीव्हलंड, रात्रीची मॅच, स्टेडियममध्ये 67 हजारांच्या वर पब्लिक. क्लीव्हलंडचा थर्ड बेसमन केन केल्टनर मुद्दाम खूप मागे, रेषेला चिकटून उभा राहिला होता. डिमॅजिओने दोनदा त्याच बाजूला सणसणीत बॉल मारला, दोन्ही वेळा केल्टनरने बॅकहँडने अडवला आणि तिथून लांबलचक थ्रो करून आऊट केला. एकदा वॉक मिळाला. शेवटच्या वेळी बॉल शॉर्टस्टॉपकडे गेला, वाटेत वाकडा उसळला तरी त्याने पकडला आणि डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट). संपलं. आणि दुसऱ्या दिवसापासून या माणसाने परत सलग 16 मॅचमध्ये हिट मारले!

406 पण त्याच सीझनचं, बॉस्टनचा टेड विल्यम्स. अ‍ॅव्हरेज .406 (म्हणजे दर हजार प्रयत्नांत 406 हिट), त्यानंतर आजतागायत अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये कोणी .400 ला पोचलं नाही. शेवटच्या दिवशी त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .39955, म्हणजे कागदावर .400 च लिहिलं असतं, नुसतं बाहेर बसला असता तरी चाललं असतं आणि मॅनेजरने तशी सूट दिली पण होती. पठ्ठ्या फिलाडेल्फियात त्या दिवशीच्या दोन्ही मॅच खेळला, 8 मध्ये 6 हिट. एवढं करून त्या वर्षीचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण, तर डिमॅजिओ. माझ्या मते अन्याय. त्या 56 मॅचच्या काळात सुद्धा विल्यम्सचं अ‍ॅव्हरेज डिमॅजिओपेक्षा जास्तच होतं, .412 विरुद्ध .408.

खवचट_काका
56 वगैरे ठीक आहे, कधीतरी एखादा वेडा येईल आणि मोडेल. न तुटणारा रेकॉर्ड विचारताय ना मग 511 घ्या. साय यंग, 1890 ते 1911, पिचर म्हणून 511 विजय. दरवर्षी 20 मॅच जिंकायच्या आणि असं 25 वर्षं करायचं, तरी 500 च होतात. आता एका वर्षी 20 जिंकले तरी पेपरात फोटो येतो. दुसरा नंबर वॉल्टर जॉन्सन, 417. म्हणजे दुसरा माणूस सुद्धा शंभरभर मागे.

पण यात साय यंगची थोरवी किती आणि काळाचा भाग किती हे पण बघा. तेव्हा पिचर दोन-तीन दिवसांनी परत उभा राहायचा आणि सुरू केलेली मॅच स्वतःच संपवायचा. यंगने अशा 749 मॅच एकट्याने पूर्ण टाकल्या. हल्ली सगळ्या 30 टीम मिळून अख्ख्या सीझनमध्ये पन्नास होत नाहीत, शंभरेक पिच झाले की मॅनेजर हात पुढे करून बॉल काढून घेतो. खेळच बदलला, मग रेकॉर्ड तुटणार कुठून. आणि हो, सगळ्यात जास्त मॅच हरण्याचा रेकॉर्डही साय यंगच्याच नावावर आहे, आणि उत्तम पिचरला दरवर्षी जे बक्षीस देतात ते त्याच्याच नावाने.

रात्रीची_मॅच
काका म्हणूनच मी 511 ला मान देतो पण त्यावर रात्री जागून वाद घालत नाही. जो रेकॉर्ड आजच्या खेळाडूला तत्त्वतः मोडता येतो आणि तरी मोडत नाही तो खरा. 56 साठी नियम आडवे येत नाहीत, पिचिंग बदललं म्हणाल तर 44 पर्यंत एकजण गेलाच की.

खवचट_काका
मोडता येतो आणि मोडत नाही, याला नशीब म्हणतात. असो.

बाल्टिमोरची_मावशी
तुम्ही दोघं भांडत बसा, मी 2,632 सांगते. कॅल रिपकन, आमच्या ओरिओल्सचा, सलग 2,632 मॅच खेळला, एकही न चुकवता, 1982 ते 1998. आधीचा रेकॉर्ड लू गेरिगचा 2,130, जो 1939 मध्ये आजारपणामुळे थांबला, त्या आजाराला इथे अजून लू गेरिगचा आजार म्हणतात. तो 56 वर्षं टिकला. 6 सप्टेंबर 1995 ला रिपकनची 2,131 वी मॅच, पाचवी इनिंग अर्धी झाली, मॅच अधिकृत धरली गेली, आणि स्टेडियमच्या मागच्या त्या विटांच्या वेअरहाऊसवरचा मोठा आकडा बदलला, मग टाळ्या थांबेनातच. 22 मिनिटं. शेवटी त्याच्याच टीमवाल्यांनी त्याला ढकलून मैदानाची फेरी मारायला लावली आणि तो कठड्यावरून वाकलेल्या लोकांचे हात हातात घेत फिरला. आदल्या वर्षी खेळाडूंचा संप होऊन वर्ल्ड सिरीजच (म्हणजे फायनलच) रद्द झाली होती, लोक जाम चिडलेले होते या खेळावर, त्यामुळे ती रात्र एवढी मोठी झाली असं मला वाटतं.

पण माझी आवडती गोष्ट त्याच्या आधीची, आणि ती कोणाला फारशी माहीत नसते. 1981, रिपकन अजून मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीवर), रोचेस्टरकडून. र्‍होड आयलंडमध्ये पॉटकेट म्हणून गाव आहे तिथे 18 एप्रिलला रात्री मॅच सुरू झाली आणि संपेचना. नऊ इनिंगला 1-1. एकविसाव्या इनिंगला रोचेस्टरने एक रन काढला, आता सुटलो म्हणेपर्यंत पॉटकेटच्या वेड बॉग्जने बरोबरी केली (हा पण पुढे मोठा खेळाडू झाला), त्या क्षणी त्याच्याच टीमवाल्यांना त्याला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी कळेना म्हणे. कडाक्याची थंडी, वारा समोरून, त्यामुळे लांब मारलेला बॉल पण परत आत. खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी पिंपात घालून शेकोटी केली. ठरावीक वेळेनंतर मॅच थांबवायचा नियम होता पण त्या वर्षी अंपायरांच्या पुस्तकात तो छापलाच गेला नव्हता, त्यामुळे अंपायर थांबवायला तयार नाहीत, आणि लीगचे अध्यक्ष फोनवर सापडेनात. शेवटी ते सापडले आणि पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, 32 इनिंगनंतर, 2-2 वर खेळ थांबला. तेव्हा ईस्टरची पहाट झाली होती आणि स्टँडमध्ये उरले होते 19 प्रेक्षक. त्यांना पास दिले बक्षीस म्हणून.

एक पिचर आपलं काम संपवून मॅच चालू असतानाच घरी गेला तर बायको दार उघडेना, एवढ्या रात्री कुठली मॅच म्हणून!! मी पण नसतं उघडलं.

उरलेली मॅच जूनमध्ये खेळले. अठरा मिनिटांत संपली, 33 व्या इनिंगला, पॉटकेट 3-2. रोचेस्टरचा डॅलस विल्यम्स त्या एका मॅचमध्ये 13 वेळा बॅटिंगला आला आणि एकही हिट नाही, हा पण एक रेकॉर्डच म्हणा बिचाऱ्याचा. प्रोफेशनल बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच आहे ही.

एडिसनकर
मावशी कमाल आहे ही. 19 लोक कोण असतील यार. परफेक्ट गेम पण ऐकतो सारखा, त्याचं सांगा कोणीतरी.

मिशिगनचा_पाहुणा
परफेक्ट गेम म्हणजे पिचरने समोरच्या 27 च्या 27 बॅटरना आऊट करायचं, एकही बेसवर पोचता कामा नये, हिटने नाही, वॉकने नाही, फिल्डरच्या चुकीने पण नाही. शे-दीडशे वर्षांत जेमतेम दोन डझन झालेत. वर्ल्ड सिरीजमध्ये एकच, डॉन लार्सन, 1956.

पण लोकांना सगळ्यात जास्त आठवतो तो न झालेला. 2 जून 2010, डेट्रॉइट, टायगर्सचा पिचर अर्मांडो गॅलारागा. नाव मोठं नाही, काही आठवड्यांपूर्वीच मायनर लीगमधून वर आलेला. 26 आऊट झाले. नवव्या इनिंगला सेंटर फिल्डर ऑस्टिन जॅक्सनने पाठ करून पळत जाऊन डोक्यावरून येणारा बॉल असा काही पकडला की सगळ्यांना वाटलं आज होणारच. 27 वा बॅटर, बॉल फर्स्ट बेसमनच्या उजवीकडे, त्याने उचलून थ्रो केला, गॅलारागा स्वतः पळत बेसवर आला, बॉल घेतला, पाय बेसवर, धावणारा अजून पाऊलभर मागे. स्वच्छ आऊट. आणि अंपायर जिम जॉइसने दोन्ही हात पसरले, सेफ!

मी त्या क्षणाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतो तो गॅलारागाच्या चेहऱ्यासाठी. बाकी टीम अंपायरवर धावून गेली, हा नुसता हसला, बॉल घेऊन परत माउंडवर गेला आणि पुढच्या बॅटरला आऊट करून मॅच संपवली. तेव्हा अशा निर्णयाला रिव्ह्यूची सोय नव्हती. जॉइसने आत जाऊन रिप्ले बघितला, आणि लपवाछपवी न करता पत्रकारांसमोर सांगून टाकलं की मी त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला, रडत होता तो. गॅलारागाला भेटून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे ड्यूटी जॉइसचीच होती, तर टायगर्सने लाइनअपचा कागद द्यायला मॅनेजरऐवजी गॅलारागालाच पाठवलं. जॉइसने डोळे पुसत कागद घेतला, त्याच्या खांद्यावर थाप मारली. कमिशनरने निर्णय काही बदलला नाही, रेकॉर्डमध्ये तो अजून एक हिट दिलेलाच गेम आहे. अशा कॉलसाठी रिप्ले आला तो 2014 ला.

याच्याहून दुर्दैवी कोणी असेल तर हार्वी हॅडिक्स. 1959, पिट्सबर्गचा पिचर, मिलवॉकीविरुद्ध 12 इनिंग परफेक्ट, सलग 36 आऊट. नवात संपली असती मॅच पण त्याच्याच टीमने 12 हिट मारून एक रन काढला नाही. तेराव्या इनिंगला फिल्डरची एक चूक, मग जो अ‍ॅडकॉकचा फटका, आणि हरला 1-0. 1991 मध्ये लीगने व्याख्या बदलली तेव्हा नो-हिटरच्या (एकही हिट न दिलेल्या मॅचच्या) यादीतून पण त्याचं नाव काढलं.

खवचट_काका
बारा हिट मारून शून्य रन. आमच्या सोसायटीच्या टीमची आठवण झाली.

कूपरस्टाउन_रिटर्न
73 वरून भांडणं का होतात ते कोणीच सांगितलं नाही अजून. एका सीझनमधले होम रन. बेब रूथ 60, 1927. रॉजर मॅरिस 61, 1961, तेव्हा पण बोंबाबोंब, कारण रूथच्या वेळी सीझन 154 मॅचचा होता आणि मॅरिसच्या वेळी 162 चा. मग 1998 ला मार्क मॅग्वायर 70 आणि 2001 ला बॅरी बाँड्स 73. मॅग्वायरने पुढे स्टेरॉईड घेतल्याचं कबूल केलं, बाँड्सचं नाव डोपिंगच्या मोठ्या प्रकरणात आलं. त्यामुळे 2022 मध्ये आपल्या यँकीजच्या अ‍ॅरन जजने 62 मारले तेव्हा बरीच जनता म्हणाली की खरा रेकॉर्ड हाच. तुमच्या ऑफिसात जर्सीवाले असतील तर भांडण तिथूनच सुरू होत असणार.

करिअरचं पण तेच. रूथ 714, हँक अ‍ॅरन 755, बाँड्स 762. माझ्यासाठी यातला मोठा आकडा 715 च. अ‍ॅरनने 1973 चा सीझन संपवला 713 वर, आणि तो अख्खा हिवाळा त्याच्या घरी धमक्यांची पत्रं येत राहिली, काळ्या माणसाने रूथला मागे टाकायचं हे लोकांना सहन होत नव्हतं. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात त्याने तो मारला, बेसवरून पळताना दोन पोरं मैदानात घुसून त्याच्या पाठीवर थापा मारत पळाली. आता तो व्हिडिओ गोड वाटतो, पण त्या धमक्या माहीत असताना बघा, पोटात गोळा येतो. होम प्लेटवर आईने त्याला जी मिठी मारली ती सोडेचना.

आणि अ‍ॅव्हरेजचं जुनं पुस्तक वापरत असाल तर फेकून द्या. टाय कॉबचं .367 आता पहिलं नाही. 2024 मध्ये लीगने जुन्या निग्रो लीगचे (काळ्या खेळाडूंना मेजर लीग बंद होती तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या लीगचे) आकडे अधिकृत नोंदीत घेतले आणि जॉश गिब्सन .372 ने वर गेला. गिब्सन जानेवारी 1947 मध्ये वयाच्या 35 व्या वर्षी गेला. काळ्यांना ते दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला त्याच वर्षी 15 एप्रिलला. तीन महिने हो.

एडिसनकर
सगळ्यांना थँक्यू, आता लंचला मी पण आकडा फेकणार, 33 म्हणणार आणि गप्प बसणार. एक शंका, बाँड्स हॉल ऑफ फेममध्ये आहे का? त्यावरून आज परत झालं.

कूपरस्टाउन_रिटर्न
नाही, मतं पुरेशी पडली नाहीत त्याला. पण त्याने अ‍ॅरनचा रेकॉर्ड मोडला तो 756 वा बॉल हॉल ऑफ फेमच्या म्युझियमकडे आहे. एका फॅशनवाल्याने तो साडेसात लाख डॉलरला घेतला, याचं काय करायचं यावर ऑनलाइन मतदान घेतलं, आणि लोकांच्या मताप्रमाणे त्यावर तारांकन (म्हणजे हा रेकॉर्ड शंकास्पद अशी खूण) कोरून मग म्युझियमला देऊन टाकला.

खवचट_काका
साडेसात लाख डॉलर?? आणि वर भोक पाडलं?